भरड की बारीक? पाटण्याच्या भास्कराचार्यांना विचारा!

गिरणीवर दळण टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, बारीक की जाड? भाकरीला बारीक पीठ लागतं, लापशीला भरड चालतं. आज लॅबमध्येही हाच प्रश्न विचारला जातो.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची पोकळ नळी. जाडी साधारण १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशी १ मायक्रोमीटर लांबीची नळी कॉम्प्युटरवर उभी करायची तर लाखाच्या वर अणू मोजावे लागतात. प्रत्येकाचा हिशेब करत बसलं तर मशीनची दमछाक होते. म्हणून अभ्यासक अणूंचे गट करतात. एका गटाचा एक मणी, आणि मण्यांच्या मध्ये स्प्रिंग. याला म्हणतात कोर्स-ग्रेन्ड मॉडेल, आपल्या भाषेत भरड मॉडेल. मग मणी केवढा धरायचा? स्प्रिंग किती ताठ? नळी वाकते कशी एवढंच बघायचं असेल तर मोठे मणी चालतात. पण ती तुटते कशी हे बघायचं तर अणूंपर्यंत उतरावंच लागतं.

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी नॅनोट्यूब पाहिली नव्हती, हे उघड आहे. पण कुठे भरड चालेल आणि कुठे बारीकच हवं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला. आणि हा माणूस आपल्या खान्देशाशी जोडलेला आहे.

वडील हेच गुरू

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. गावाचं नाव त्यांनी विज्जलवीड असं दिलंय, सह्याद्रीच्या कुशीतलं. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख मिळाला तो चाळीसगावजवळच्या पाटण्यात. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी, आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

लीलावती म्हटलं की सगळ्यांना मुलीच्या लग्नाची आणि घटिकापात्रात अडकलेल्या मोत्याची गोष्ट आठवते. ती आली अकबराच्या काळात फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून, १५८७ मध्ये. गोष्ट गोड आहे, पण पुस्तकातला खरा माल वेगळाच आहे.

एक नाही, दोन ‘पाय’

वर्तुळाचा परीघ काढायला लीलावतीत दोन किमती दिल्यात. ३९२७/१२५० ही सूक्ष्म, आणि २२/७ ही स्थूल, रोजच्या व्यवहारासाठी. एकच किंमत देऊन मोकळं का नाही झाले?

करून बघा. विहिरीचा व्यास ७ हात. स्थूल किमतीने परीघ येतो २२ हात, सूक्ष्म किमतीने २१.९९. एका हाताची २४ अंगुळं धरली तर फरक पाव अंगुळाचाही नाही. विहीर बांधणाऱ्याला २२/७ पुरे. आता पृथ्वी घ्या. गोलाध्यायात तिचा व्यास १५८१ योजनं आणि वर एक चोविसांश दिलाय. सूक्ष्म किमतीने परीघ बरोबर ४९६७ योजनं येतो, आणि भास्कराचार्यांनी तोच दिलाय. २२/७ वापरलं असतं तर जवळपास २ योजनं जास्त आली असती. चूक तीच, पण विहिरीवर दिसत नाही आणि पृथ्वीवर दिसते.

ज्या, म्हणजे आजच्या साइनच्या कोष्टकाचंही तसंच. एक कोष्टक २४ किमतींचं, दर पावणेचार अंशाला एक. दुसरं छोटं, दर १० अंशांना एक, फक्त ९ किमती. घाईच्या कामाला छोटं, नेमक्या कामाला मोठं.

चंद्रापाशी मात्र त्यांनी भरड चालवून घेतलं नाही. चंद्राचा वेग सारखा बदलतो. दिवसभराची एकच गती धरली तर तिथी संपण्याची वेळ चुकते. म्हणून त्यांनी त्या क्षणाची गती, तात्कालिक गती, वेगळी काढली. पुढे कॅल्क्युलसमध्ये जी कल्पना येते, तिच्या अगदी जवळची ही वाट होती.

६९व्या वर्षी सोपं पुस्तक

११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. सिद्धान्तात ग्रहांचं गणित कल्पाच्या आरंभापासून चालतं, म्हणजे जवळपास १९७ कोटी वर्षांपासून. पंचांग करणाऱ्याला एवढे अवाढव्य आकडे कशाला? करणकुतूहलात सुरुवातच ११८३ पासून. आकडे लहान, काम झटपट. मूळ सिद्धान्त आधीच लिहून ठेवलेला, त्यामुळे काय सोडलं आणि का, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आजचे संशोधक मण्यांचे आकडे ठरवताना हेच करतात : आधी अणूंचं बारीक मॉडेल, मग त्याच्याशी ताडून भरड.

आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कॅल्क्युलेटरवरचे आठही आकडे उतरवतो. मोजपट्टी मिलिमीटरचीच असली तरी! त्यातले किती आकडे खरे, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. ते आपणच ठरवायचं असतं.

मठ आणि पळीभर तेल

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाकडे पंडित होता, तर नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला. शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने देणगी दिली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या करातला वाटा मठाला आणि दर घाण्यामागे पळीभर तेलही. म्हणजे गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात खान्देशातल्या घाण्यांचं तेल जळत होतं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

पावसाळ्यात जळगाव-धुळ्याहून पाटणादेवीला ट्रिपा निघतात. धबधबा, दर्शन, रील, सगळं होतं. यंदा गेलात तर ग्रुपमध्ये कुणाला तरी विचारा, ‘पाय’च्या दोन किमती का?