पहिल्या सुवर्णपदकाचे मानकरी

पणजीला २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे. त्या दिवसांत कोणाला किती पारितोषिके मिळाली याचे हिशेब कँटीनमध्ये रंगतात आणि आम्ही कॉमर्सवाले त्यात मागे नसतो. मला मात्र या खतावणीचे पहिले पान उलगडावेसे वाटते. सरकारने चित्रपटांना पारितोषिके देण्यास १९५४ साली सुरुवात केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला मिळाले. तो काढला होता आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनी.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोढीत गावचा. पेशा शिक्षकाचा, पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते. 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह, 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी' ही नाटके, 'ब्रह्मचारी'सारख्या चित्रपटाची कथा, म्हणजे सगळा कारभार हशाचा. आमच्या पेडणे महालातील जुन्या मंडळींना मात्र ते निराळ्याच कारणाने आठवतात. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी गोव्याच्या विलीनीकरणाची बाजू त्यांच्या 'मराठा' दैनिकाने हिरीरीने मांडली होती. कौल विरुद्ध गेला. असो, तो वाद इथे नको.

अशा विनोदी माणसाने साने गुरुजींचे पुस्तक हाती घ्यावे याचे मला नवल वाटते. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे १९५३ चा हा चित्रपट त्यांना पाहता आला नाही. आईची भूमिका अत्र्यांनी वनमालाबाईंना दिली. 'सिकंदर' या हिंदी चित्रपटात गाजलेली ही रूपवान नायिका इथे कोकणातल्या गरीब घरची माउली झाली! माधव वझे श्याम झाले. संगीत वसंत देसाई यांचे, म्हणजे आपल्या शेजारच्या कुडाळकडच्या माणसाचे.

त्या वर्षी स्पर्धेला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' होता. फिल्मफेअरची पारितोषिकेही त्याच वर्षी सुरू झाली आणि तिथे सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच ठरला. दिल्लीत मात्र १० ऑक्टोबर १९५४ च्या समारंभात त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. सरकारने संस्कारांना गुण दिले, कलेला नव्हे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. दोन्ही चित्रपट मुळात कर्जाचे आहेत. शंभू शेतकऱ्याची जमीन कर्जापायी धोक्यात येते, तर श्यामच्या घरावरही कर्जाचाच डोंगर आहे. आम्ही जमाखर्चाच्या वहीत ज्याला नुसते 'देणे' म्हणतो, ते एका बाईचा जीव कसे पोखरते हे अत्र्यांनी दाखवले. नुसती रडकथा म्हणून त्याकडे पाहणे अन्यायाचे होईल.

सुवर्णपदकाची कीर्ती एवढी झाली की पुढल्या वर्षीचे पदक लोक विसरतात. 'महात्मा फुले' या अत्र्यांच्याच चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले होते, सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला होता. माझ्या मते हे धाडस सुवर्णपदकाहून मोठे. आईच्या मायेला विरोध करणारा कोणी नसतो. फुल्यांना विरोध करणारे त्या काळी पुष्कळ होते.

लागोपाठ दोन पदके मिळूनही अत्रे चित्रपटात रमले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, १९५६ च्या नोव्हेंबरात 'मराठा' निघाला आणि लेखणी तिकडे वळली. १३ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

ते सुवर्णपद मराठीला पुन्हा लाभले ते थेट २००३ सालच्या 'श्वास'ला. मधल्या काळात 'संस्कार'पासून 'द्वीप'पर्यंत कन्नड चित्रपटांनी ते सहा वेळा नेले. आपले मराठीचे अजून पाचच. आमच्या कन्नड विभागाचे सोबती हा हिशेब अधूनमधून ऐकवतात, आणि त्यावर आम्ही पहिल्या पानाकडे बोट दाखवतो.