मिरजेचे सेवाव्रती डॉ. वानलेस

डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. १८८९ साली प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. आरंभी त्यांनी सांगलीत दवाखाना चालविला; १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदूने अंध झालेल्या अनेकांना तेथे दृष्टी लाभली. एकट्याचे हात अपुरे पडतात हे जाणून १८९७ पासून त्यांनी येथील तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले. खरी दूरदृष्टी हीच!

१९०६ साली मेरीबाई पटकीने निवर्तल्या. ज्या रोगांशी डॉक्टर झुंजत होते, त्यांतल्याच एकाने त्यांचे घर गाठले. तरीही त्यांनी मिरज सोडली नाही. कालांतराने परिचारिका लिलियन हेवन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ साली अमेरिकेत त्यांचे देहावसान झाले. सांगली-मिरज दरम्यानची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.