जे. बी. एस. हाल्डेन: पहिला जीव कुठून आला हे शोधणारा माणूस

जीवापासूनच जीव जन्मतो हे लुई पाश्चर यांनी १९व्या शतकात दाखवून दिलं. मग पृथ्वीवरचा अगदी पहिला जीव आला कुठून? या प्रश्नाला हात घालणारे माझे आवडते शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. आज त्यांची ओळख करून देतो.

हाल्डेन १८९२ मध्ये ऑक्सफर्डला जन्मले. वडील श्वसनाचे अभ्यासक. वेगवेगळे वायू स्वतः हुंगून बघायचे. मुलगाही तसाच निघाला. रक्तातलं आम्ल वाढलं की काय होतं, हे कळावं म्हणून अमोनियम क्लोराइड प्यायला आणि धापा टाकत बसला! गंमत म्हणजे त्यांच्याकडे विज्ञानाची पदवीच नव्हती.

शरीर रसायनांवर चालतं, हे त्यांनी असं स्वतःवरच तपासलं. १९२९ मध्ये एका लेखात हाच विचार त्यांनी पृथ्वीला लावला. सुरुवातीच्या हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता, म्हणजे ओझोनचं छत्रही नाही. सूर्याचे अतिनील किरण थेट खाली पोचायचे. त्यांच्या ऊर्जेने पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियापासून सेंद्रिय पदार्थ बनले असणार. आज असे पदार्थ जिवाणू लगेच फस्त करतात, पण तेव्हा खायला कोणीच नव्हतं! ते साचत गेले, समुद्राचं गरम, पातळ सूप झालं आणि त्यातूनच जीव घडला, असा त्यांचा अंदाज. रशियात ओपॅरिन यांनी १९२४ मध्ये स्वतंत्रपणे असंच काही मांडलं होतं.

१९५३ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ले मिलर यांनी काचेच्या बंद उपकरणात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं मिळाली. तेव्हाची हवा नेमकी अशीच होती का, यावर आज वाद आहे. रसायनांपासून पहिली पेशी कशी झाली, हेही अजून सुटलेलं नाही. पण नुसत्या चर्चेचा विषय प्रयोगशाळेत पोचला, हे मला फार मोठं वाटतं.

१९५७ मध्ये, सुएझवरच्या ब्रिटिश हल्ल्याचा निषेध करत, हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला, विद्यार्थ्यांना शिकायला.