मुलांचे धर्मगुरू डॉन बॉस्को

ख्रिस्ती संतमालिकेत बालगोपाळांमध्ये रमलेले एक सत्पुरुष होऊन गेले. त्यांचे नाव जॉन बॉस्को. इटलीत धर्मगुरूंच्या नावामागे ‘डॉन’ हे आदरार्थी उपपद लावतात. म्हणून जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते.

पीडमाँट प्रांतातील एका वाडीत, १६ ऑगस्ट १८१५ रोजी, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच पितृछत्र हरपले. माता मार्गारीटा यांनी मोठ्या कष्टाने त्यांना वाढविले. जत्रेतील डोंबाऱ्यांचे पाहून ते दोरीवर चालावयास शिकले. खेळ पाहण्यास मुले जमली की आधी प्रार्थना आणि चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन, खेळ त्यानंतर!

१८४१ मध्ये ट्युरिन नगरात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेली मुले तेथे गवंडीकाम करीत, धुराडी साफ करीत. कित्येक तर कारागृहात खितपत होती. प्रत्येक चर्च आपापल्या भागातील कुटुंबांचे; या निराधारांना आपले म्हणणारे कोणीच नव्हते.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला एक गवंडी पोर चर्चमध्ये शिरला. उपासनेत साहाय्य करणे त्यास येईना, म्हणून तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलाविले, प्रेमाने विचारपूस केली आणि पहिला पाठ दिला. पुढच्या रविवारी तो सोबत्यांना घेऊन आला.

मुले वाढली, तशा तक्रारीही वाढल्या. शेजारी गोंगाटाने त्रासले. हे आपल्या चर्चची मुले पळवितात, असा काही धर्मगुरूंचा आक्षेप होता. एकामागून एक जागा सोडाव्या लागल्या. अखेर १८४६ मध्ये वाल्दोक्को भागात एक पडवी भाड्याने मिळाली. प्रार्थना, क्रीडांगण, रात्रशाळा आणि पुढे कामशाळा, सारे तेथे एकाच आवारात नांदू लागले. छडीऐवजी विवेक, श्रद्धा आणि वात्सल्य हीच त्यांची शिस्त होती. वृद्ध मातेनेही गाव सोडून मुलांचा संसार सांभाळला.

१८५९ मध्ये त्यांनी सेल्शियन संघ स्थापिला. १८७२ मध्ये मारिया माझ्झारेल्लो यांच्या साहाय्याने भगिनींचा संघ उभा राहिला. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांनी देह ठेवला आणि १९३४ मध्ये त्यांना संतपद लाभले. १९०६ मध्ये त्यांचे अनुयायी भारतात तंजावरास आले. मुंबईत माटुंग्याची शाळा त्यांच्याच नावाने चालते.

मुलांनी चर्चचे रीतिरिवाज शिकून मगच आत यावे, ही जुनी अपेक्षा होती. डॉन बॉस्कोंनी मुलांना आधी जवळ घेतले आणि रीतिरिवाज मागाहून शिकविले. चर्चच्या आवारात आज मुलांचा जो खेळ रंगतो, त्यामागे या सत्पुरुषाची ही पुण्याई आहे.