विकेट काढायला बाळू हवा होता, पण चहाला मात्र त्याचं मातीचं भांडं वेगळं होतं

महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं आणि इतिहास घडला.

पण त्याच्या तीसेक वर्षं आधी हाच पाण्याचा प्रश्न पुण्याच्या क्रिकेट मैदानावर उभा राहिला होता. त्याच्या मध्यभागी होते पळवणकर बाळू.

मूळ घराणं कोकणातल्या पळवणचं. चांभार समाजात जन्म, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात बाळू पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर मैदान झाडायचे. पुढं गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात ४ रुपये पगार झाला. रोलर फिरवायचा, नेट लावायची आणि साहेबांना सरावाला बॉल टाकायचा. बॅटिंग मात्र साहेबांची.

जे. जी. ग्रेग हा तिथला नामी बॅट्समन. आपल्याला आउट केलं की तो बाळूंना ८ आणे द्यायचा, असं सांगतात. त्या सरावातून देशातला सगळ्यात भारी डावखुरा स्पिनर तयार झाला.

मग पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंशिवाय ते जमणार नव्हतं. त्यांना घेतलं खरं, पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, हातात मातीचं भांडं. जेवणाचं ताटही वेगळं. बॉल मात्र सगळ्यांच्या हातातून फिरायचा, त्याचा विटाळ कुणाला होत नव्हता.

पुढं बाळू मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. संघ बरेच सामने हरला, पण एकट्या बाळूंनी ११४ विकेट काढल्या. परतल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला, त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचाही पुढाकार होता.

एवढं होऊनही कप्तानपद कधी मिळालं नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळलं आणि धाकट्या विठ्ठलला डावलून कप्तानपद दुसऱ्याला दिलं, तेव्हा त्यांच्या भावांनी खेळायलाच नकार दिला. अखेर बाळू उपकर्णधार म्हणून संघात परतले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघानं स्पर्धा जिंकली.

पुढं १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब जिंकले, पण ११ हजारांवर मतं बाळूंनाही पडली.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू गेले. भारताकडून ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण भारताची पहिली कसोटी झाली १९३२ साली. तोवर त्यांची कारकीर्द कधीच संपली होती.

रेकॉर्डबुकात उरल्या प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांतल्या १७९ विकेट. त्या मातीच्या भांड्याची नोंद मात्र कुठल्याच स्कोअरकार्डवर नाही.