पदवीपूर्वीची कसोटी : डॉ. आंबेडकरांची संशोधनवर्षे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत त्यांच्या पदव्यांची नोंद आदराने केलेली आढळते; त्या पदव्यांमागील परीक्षापद्धतींची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत टिपणाचा रोख या उपेक्षित बाजूकडे आहे.

1891 मध्ये महू येथे जन्मलेले भीमराव मुंबईत बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे डॉक्टरेटचा उमेदवार थेट प्रबंधाकडे वळू शकत नसे. आधी विविध विषयांचे अध्ययन, परकीय भाषांचे वाचनापुरते ज्ञान व तोंडी परीक्षा, आणि मग प्रबंध, असा तो क्रम होता. आंबेडकरांच्या अभ्यासविषयांत अर्थशास्त्राचा वाटा सर्वाधिक असला, तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचाही समावेश होता. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. 1916 च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. कोणत्याही पदवीसाठी न लिहिलेला हा निबंध आज त्यांच्या प्रबंधांहून अधिक वाचला जातो, हे येथे नोंदवावेसे वाटते.

प्रबंध मान्य झाला, तरी पदवी हाती येत नसे. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर कराव्यात, असा कोलंबियाचा नियम होता. संशोधन विद्वानांसमोर उघडपणे यावे, हा त्यामागील हेतू रास्तच. परंतु ज्याच्यापाशी परतीच्या प्रवासाचीही निश्चिंती नव्हती, त्याच्या बाबतीत हा नियम विद्वत्तेची नव्हे, ऐपतीची परीक्षा ठरला. शिष्यवृत्ती संपल्याने 1917 मध्ये लंडनचे अध्ययन अर्धवट सोडून ते परतले. बडोद्यातील नोकरी अस्पृश्यतेच्या जाचामुळे टिकली नाही. 1918 पासून त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले आणि 1920 मध्ये साठवलेल्या पैशांच्या व मित्रांच्या आधारावर पुन्हा लंडन गाठले.

लंडनची रीत वेगळी होती. तेथे डी.एस्सी.चा सारा भार प्रबंधावर व परीक्षकांच्या निर्णयावर असे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी 1923 च्या आरंभी पुनर्लेखनासाठी परत केला. आंबेडकरांनी निष्कर्ष न बदलता तो मुंबईहून पुन्हा पाठविला आणि त्याच वर्षी पदवी मिळविली. त्यांच्या कित्येक मतांशी असहमत असलेल्या प्रा. एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. परीक्षकाचे मत आणि परीक्षकाचा निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारे असे उदाहरण आपल्या विभागांतून अधिक वेळा दिसावयास हवे.

प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ 1925 मध्ये लंडनला छापून निघाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. त्यानंतर 1927 मध्ये कोलंबियाने पीएच.डी. प्रदान केली, कोलंबिया सोडून तेव्हा अकरा वर्षे उलटली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता.

आपल्याकडे 2009 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.साठी अभ्यासक्रम अनिवार्य केला. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अटही त्याच नियमांत होती आणि 2022 च्या नियमांत ती वगळण्यात आली. या अटीचा मूळ हेतू आणि तिने निर्माण केलेला पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार, दोन्ही पाहिले म्हणजे कोलंबियाचा जुना नियम आठवल्याशिवाय राहत नाही.

1952 मध्ये त्याच विद्यापीठाने आंबेडकरांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. तिच्यासाठी छापील प्रती मागण्यात आल्या नाहीत.