उतारावरचा धडा : बर्था बेन्झ

मोटार धावती केल्याचे श्रेय कार्ल बेन्झ यांना दिले जाते. ती भरवशाने थांबावी यासाठीचा पहिला धडा मात्र त्यांच्या पत्नीने प्रत्यक्ष रस्त्यावर गिरवला. बर्था बेन्झ यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम येथे झाला. कार्ल यांचा कारखाना अडचणीत आला तेव्हा त्यांनी विवाहापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम त्यात घातली. १८७२ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. १८८६ मध्ये कार्ल यांना तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळाले. पण ग्राहक फिरकेनात. हुंड्याचा पैसा आणि पतीची अनेक वर्षांची मेहनत, दोन्ही पणाला लागले होते.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था यांनी पतीला न सांगता मोटार बाहेर काढली आणि पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांसह मानहाइमहून माहेरची वाट धरली. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक होते. इंधन संपल्यावर वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली.

खरी कसोटी उतारावर लागली. मानहाइमच्या सपाट रस्त्यांना पुरणारे लाकडी ब्रेक डोंगराळ भागात झिजून निकामी होऊ लागले. बाउश्लोट गावी बर्था यांनी जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून लाकडी ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचा हा आरंभ मानला जातो. गाडी सुखरूप फोर्झहाइमला पोहोचली आणि काही दिवसांनी परतलीही. बर्था यांच्या अनुभवावरून कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसविला.

रस्ता बदलला की ब्रेकची गरज बदलते, हे त्या प्रवासाने दाखविले. आजचे ब्रेक पॅड निवडतानाही हेच सूत्र लागू पडते. शर्यतीच्या मार्गासाठीचे पॅड प्रचंड उष्णतेत पकड टिकवतात. परंतु थंड असताना त्यांची पकड कमी पडते. शहरात सकाळी पहिल्याच सिग्नलला ते दगा देऊ शकतात, शिवाय आवाज करतात आणि डिस्क झिजवतात. उलट, रोजच्या वापराचे पॅड शर्यतीत तापून घसरू लागतात. ब्रेकच्या तेलाचेही तसेच आहे. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. मात्र हे तेल हवेतील ओलावा शोषते. पाणी मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पाय टेकताच पेडल खाली जाते. म्हणूनच शर्यतीला जाणाऱ्याने उच्च उत्कलनबिंदूचे ताजे तेल भरावे आणि रोज गाडी चालविणाऱ्यानेही ते ठरावीक मुदतीने बदलावे.

कार्ल १९२९ मध्ये निवर्तले. कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने बर्था यांना त्यांच्या ९५व्या वाढदिवशी सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी वाटेत ठोकून घेतलेले चामडे केव्हाच कालबाह्य झाले. पण रस्ता पाहून ब्रेक निवडावा, हा त्यामागचा विचार अजूनही प्रत्येक गाडीला लागू आहे.